धूर माझा, आकडा तिचा

वसमतमध्ये आमच्या कंपनीचा पत्ता विचारला की लोक चिमणी दाखवायचे. "ती काळी चिमणी दिसली का? तिच्या खाली." ती चिमणी माझी. म्हणजे कंपनीची, पण तिच्याखालचा बॉयलर मी नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत सांभाळला, त्यामुळे मी माझीच म्हणतो. संपादकांनी 'बॉयलरवरचे अनुभव लिहा' असं सांगितलं, तेव्हा त्यांना बहुधा स्फोट, भाजलेले हात, इन्स्पेक्टरच्या भेटी असं काही हवं असणार. त्यातलं थोडंफार झालंही. पण माझ्या नोकरीतली सगळ्यात अवघड वर्षं कोणती असं विचाराल, तर त्या वर्षांत काहीच फुटलं नाही. त्या वर्षांत मी माझ्या बायकोवर जळत होतो.

आधी धंदा सांगतो. आमची कंपनी हळदीचा अर्क काढते. वसमत-कुरुंद्याच्या पट्ट्यातली वाळलेली हळद दळायची आणि ती भुकटी एका द्रावकात भिजवायची. हळदीचा रंग आणि वास त्यात उतरतो. मग वाफेच्या उष्णतेनं तो द्रावक उडवून पुन्हा गोळा करायचा. मागं राहतो तो तांबूस, मधासारखा घट्ट अर्क. तो परदेशात जातो. तिकडच्या सूपमध्ये, बिस्किटात, औषधाच्या गोळीत आमच्या शिवारातला पिवळा रंग असतो. या सगळ्याला वाफ लागते. वाफ थांबली की दहा मिनिटांत सगळी कंपनी हातावर हात ठेवून उभी राहते आणि प्रत्येक जण बॉयलर हाऊसकडं बघायला लागतो. तिथं मी असायचो. ते बघणं मला आवडायचं, हे आता लपवून काय करू?

माझं आडनाव खिल्लारे, गाव कुरुंदा. मेकॅनिकलचा डिप्लोमा. सुनंदा, माझी बायको, बी.कॉम. लेकरं शाळेत जायला लागल्यावर ती आमच्याच कंपनीत खरेदी विभागात लागली. कोळशाचं बिल तिच्या टेबलावरून जायचं. "या महिन्यात कोळसा जास्त काहून लागला?" असं ती फोनवर मला विचारायची, आणि 'काहून' तर म्हणायची, पण पुढं 'सर' लावायची. ऑफिसात 'सर' आणि घरी 'अहो'. मला दोन्ही चालायचं.

मग युरोपातल्या एका मसाला कंपनीचा मेल आला. आमचं ते सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांचं म्हणणं असं होतं, की त्यांच्या सगळ्या पुरवठादारांनी कार्बन कमी करायचं विज्ञानाधारित लक्ष्य ठरवावं, बाहेरच्या तपासणाऱ्या संस्थेकडून ते मंजूर करून घ्यावं, आणि हे ज्यांना जमणार नाही त्यांच्याशी पुढचे करार करणं अवघड जाईल. मालकांनी मेल वाचून दाखवला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे कोण बघणार?"

मला वाटलं, यात विचारायचं काय? धूर कुणाचा? माझा. मी खुर्चीत जरा पुढं सरकलोसुद्धा. भिंतीवरच्या पडद्यावर पुण्याचे एक सल्लागार बसले होते. त्यांनी मला बॉयलरची क्षमता विचारली. मी सांगितली, वर दोन गोष्टी जास्तीच्या सांगितल्या. "थँक यू सर," म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "कोळसा, डिझेल, वीज, ट्रकचं भाडं, पॅकिंग, ही सगळी खरेदी कोणाच्या हाताखालून जाते?"

मालकांनी सुनंदाकडं बघितलं. सल्लागार म्हणाले, "मग मॅडमच बघतील."

घरी येताना मोटरसायकलवर ती मागं बसली होती. अर्ध्या रस्त्यात म्हणाली, "तुमाला काही बोलायचं होतं का मीटिंगमंदी?"

"न्हाई."

"मग तोंड काहून असं झालं?"

"ऊन लागून राहिलं."

कंपनीनं तिला लॅपटॉप दिला. संध्याकाळी स्वयंपाक आवरला की ती जेवणाच्या टेबलावर तो उघडून बसायची, पुण्याच्या माणसांशी बोलायची. तिचं इंग्रजी आधी अडखळत होतं, मग अडखळेना झालं. मी टीव्हीचा आवाज थोडा वाढवायचो. ती उठून तो कमी करायची आणि पुन्हा जाऊन बसायची.

पण माणसाला शेवटी कुतूहल सोडत नाही. एके दिवशी मी विचारलंच, "ह्यात विज्ञान काय आहे? कमी करा म्हणतेत, कमी करायचं. आमी दरवर्षी थोडा थोडा कोळसा वाचवतोच की."

तिनं लॅपटॉप बाजूला सरकवला. मला वाटतं, तीही कुणीतरी विचारायची वाट बघत होती.

"तुमी वाचवता ते तुमाला जमंल तेवढं," ती म्हणाली. "हे उलटं आहे. पृथ्वीचा ताप किती वाढू द्यायचा याची एक हद्द शास्त्रज्ञांनी सांगितली. दीड अंश. त्या हद्दीत राहायचं तर सगळ्या जगानं मिळून अजून किती धूर सोडायचा, ते ठरून गेलं. मग प्रत्येकानं कोणत्या वेगानं कमी करायचं तेबी त्यातूनच निघतं. ढोबळमानानं दहा वर्षांत निम्म्याच्या आसपास."

"आन न्हाई जमलं तर?"

"जमंल का, हे त्यात कुणी इचारतच न्हाई. किती पायजे, तेवढंच सांगतेत."

मग तिनं टेबलावरच्या तीन वाट्या ओळीनं मांडल्या. पहिली वाटी म्हणजे कंपनी स्वतः जे जाळते ते. "म्हणजे तुमी," ती म्हणाली. दुसरी म्हणजे विकत घेतलेली वीज. तिसरीत बाकी सगळं: शेतकऱ्याचा युरिया, हळद शिजवायचं जळण, ट्रक, डबे, जहाज. "तिसरी सगळ्यात मोठी. पण ती दुसऱ्यांच्या हातात, हळूहळू होणार. पहिली आपल्या हातात. तिथं पळवाट न्हाई."

"म्हणजे मी."

"म्हणजे कोळसा," ती म्हणाली, पण जरा थांबून.

आमच्या साहेबलोकांपैकी मला इतकं सोपं करून कुणी कधी सांगितलं नव्हतं. चांगलं समजलं, आणि चांगलं समजल्याचाच राग आला. बॉयलरची गोष्ट बायकोनं वाट्या मांडून मला समजवावी!

तिसऱ्या वाटीची माहिती गोळा करायला ती फिरायला लागली. रविवारी मी गाडीवर घेऊन जायचो. वारंगा फाट्याला आमचा माल नेणारे ट्रकवाले थांबतात. तिथल्या एका हॉटेलात ट्रान्सपोर्टवाल्यांनी तिच्यासाठी खुर्ची पुसून दिली, पंखा तिच्याकडं फिरवला. ट्रक परत येताना रिकामा येतो का, डिझेल किती खातो, असं ती विचारत होती आणि ती मोठमोठी माणसं पोरांसारखी उत्तरं देत होती. मी गाडीजवळ उभा. चहा देणाऱ्यानं मला विचारलं, "तुमी मॅडमचे डायवर का?"

"मिस्टर," मी म्हणालो.

"अस्सं," म्हणाला आणि चहा देऊन गेला. त्यानं त्यात साखर मात्र जास्त टाकली होती. कीव आली असेल.

कुरुंद्यात तर कमालच झाली. ते माझं गाव. मला वाटलं, इथं तरी लोक माझ्याशी बोलतील. जयभीम झाला, पाणी आलं, आणि माझा चुलतभाऊ उत्तम थेट तिच्याकडं वळला. हळदीला खत कोणतं, किती वेळा, कंद शिजवायला काय जाळता, हे ती विचारत होती. उत्तम म्हणाला, "वहिनी, खरं सांगतो. जे हाताला लागंल ते जाळतो. पऱ्हाटी तर रानातच पेटवून देतो, तिला काय करता?" पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली काटकं. ते ऐकून सुनंदानं माझ्याकडं बघितलं. तेव्हा मला काही कळलं नाही. निघताना उत्तम मला म्हणाला, "इतकी वर्षं तू त्या कंपनीत हायस, कधी इचारायला आला न्हाईस. वहिनी आली."

परतीच्या रस्त्यावर मी गाडी जरा जोरातच चालवली.

काही महिन्यांनी आकडे जुळले आणि लक्ष्याचा मसुदा तयार झाला. आधी आम्ही किती कार्बन सोडतो ते मोजायला एक पायाचं साल धरायचं आणि तिथून दशकभरात जवळजवळ निम्म्यावर यायचं. आमच्या स्वतःच्या जाळण्यात कोळशाशिवाय दुसरं नाव घेण्यासारखं काही नव्हतंच. म्हणजे निम्म्यावर यायचं तर कोळसा जायला हवा. सुनंदानं मला घरी विचारलं, "पऱ्हाटीच्या विटा चालतील का बॉयलरला?"

या विटांना बाजारात पांढरा कोळसा म्हणतात. काडीकचरा दाबून बनवतात. धूर त्यांचाही होतो, पण त्यातला कार्बन पिकानं त्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो. कोळशातला जमिनीच्या पोटात युगानुयुगं गाडलेला असतो. दोन्हींचा हिशोब वेगळा मांडतात. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "न्हाई चालणार. आपल्या भट्टीतली जाळी कोळशासाठी केलेली आहे. प्रेशर टिकणार न्हाई."

"करून बघितलं का?"

"त्याला करून काय बघायचं?"

"मग लिहून द्या. बॉयलर इंजिनिअर म्हणतेत जमत न्हाई, असं मी वर कळवते."

मी लिहून दिलं नाही. तिच्यासमोर मला एक गोष्ट कळेना झाली होती. 'जमत नाही' हे माझ्यातला इंजिनिअर बोलत होता का दुसरं कुणी, ते मलाच सांगता येईना. इतक्या वर्षांत बॉयलरबद्दल माझं मत मला कधी तपासून बघावं लागलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मालकांनी मला एकट्याला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. मालक तसा सरळ माणूस, पण धंदेवाला.

"खिल्लारे, आपण ते नवीन शेड बांधलं होतं, त्या साली भाड्याचा दुसरा बॉयलर आणला होता ना?"

"व्हय. कोळसाबी लई हलका आला होता त्या साली. दुप्पट जाळला."

"तेच साल पायाचं धरलं तर? तिथून मोजलं तर आपण आत्ताच निम्म्याच्या जवळ आलोय. बॉयलरला हात लावायची गरज नाही." त्यांनी कप माझ्याकडं सरकवला. "मॅडम हुशार आहेत, पण त्यांना मशीनमधलं काय कळतं? हे काम खरं म्हणजे तुमचंच. तुमी घ्या. तुमच्या नावानं पाठवतो."

बाहेर आलो. ज्या गोष्टीकडं मी वर्षभर बघत होतो ती कुणीतरी उचलून माझ्या हातात ठेवत होतं. बॉयलरही वाचत होता. तपासणाऱ्यांना ते साल खटकेल, अडचण येईल, हे डोक्यात आलं. पण ते सगळं मागं राहिलं आणि 'तुमच्या नावानं' हे दोन शब्द पुढं.

घरी सुनंदा मेथी निवडत बसली होती. मी समोर बसलो. एक जुडी ओढून घेतली.

"मालकांनी बोलावलं होतं आज," मी म्हणालो.

"त्या जास्त कोळशाच्या सालाचं?" तिनं मान वर केली नाही.

"तुला कसं माहीत?"

"परवा मला बोलावलं होतं. मी न्हाई म्हणलं. ते साल सोयीचं आहे, खरं न्हाई. कंपनी नेहमी जशी चालते तसं साल धरावं लागतं. आन मागं काय कमी झालं ते सांगून भागत न्हाई, पुढं काय करणार ते सांगावं लागतं." मग पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "तुमी काय म्हणले?"

"इचार करून सांगतो म्हणलं."

"करा मग," ती म्हणाली आणि पानं खुडत राहिली.

समजावलं नाही, रागावली नाही, रडली तर मुळीच नाही. मी मात्र आतून करपत होतो. मालकांनी आधी तिला विचारलं होतं! म्हणजे माझ्यासमोर ठेवलेलं ताट तिनं आधीच परत पाठवलेलं होतं. तिनं नको म्हणून टाकलेली वस्तू उचलून मी माझ्या नावावर लावायची? आणि उद्या जन्मभर एकाच घरात तिच्यासमोर बसून मेथी निवडायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकांना सांगितलं, "ते साल धरता येणार न्हाई. त्या साली दुसरा बॉयलर होता हे कुणी मला इचारलं तर मी खोटं बोलणार न्हाई."

मालक चिडले. "दोघं ठरवून आलात काय?"

"आमच्या दोघांचं ठरत असतं तर काय पायजे होतं, मालक!"

ते हसले. चिडलेला माणूस हसला की अर्धं काम होतं. म्हणाले, "मग बॉयलर चालवून दाखवा. चालला तर अर्ज पाठवतो. नाही चालला तर दोघंही पुन्हा माझ्याकडं येऊ नका."

लोकांना वाटलं मी तत्त्वासाठी उभा राहिलो. युनियनच्या पोरांनी पाठ थोपटली. मी कुणाला सांगितलं नाही, की तत्त्व नंतर आलं. आधी हेवा आला.

चाचणीच्या दिवशी बॉयलर हाऊससमोर गर्दी. पऱ्हाटीच्या विटा वारंगा फाट्याच्या एका कारखान्यातून आल्या होत्या. त्यांत अर्क काढून उरलेला हळदीचा चोथाही मिसळायचा, म्हणजे तोही कामी येईल, असं ठरलं होतं. भट्टीवर रहीमभाई होते, माझे सगळ्यात जुने बॉयलर अटेंडंट. आग बघून नव्हे, ऐकून ओळखणारा माणूस. सकाळभर प्रेशर बराबर राहिलं. दुपारी रहीमभाईंनी माझ्याकडं बघितलं. "साब, आवाज बदल गया."

दरवाजा उघडला तर राख वितळून जाळीवर खंगर धरलेलं. विटांच्या भट्टीत जास्त भाजलेल्या विटेचा गोळा होतो ना, तसे गोळे. खालून हवा जाईना. प्रेशर खाली, आणखी खाली. तिकडं द्रावक उडवणं थांबलं, सगळा घाण, म्हणजे एका वेळचा चढवलेला माल, भांड्यातच अडकला. दहा मिनिटांत कंपनी उभी.

प्रॉडक्शन मॅनेजर धावत आले. सवयीप्रमाणं बॉयलर हाऊसकडं आले, पण माझ्याजवळ थांबले नाहीत. पुढं सुनंदा उभी होती, तिच्यावर घसरले. "मॅडम, कागदावरचे आकडे कागदावर ठेवा! हा पूर्ण माल खराब झाला तर कोण जबाबदार? तुम्ही?"

सगळे तिच्याकडं बघत होते. कंपनी थांबल्यावर ज्या नजरेनं लोक आजवर माझ्याकडं बघायचे, त्याच नजरेनं. ती खाली मान घालून उभी राहिली नाही. सरळ बघत राहिली, पण ओठ घट्ट मिटलेले. ती अशी उभी राहते तेव्हा तिला बोलता येत नसतं, हे मला एकट्यालाच माहीत होतं.

वर्षभर मी मनात या घटकेची वाट बघितली असेन. पण ती आली तेव्हा मला वेगळंच झोंबलं. माझ्या बॉयलरवरून शिवी, आणि ती हिला? मी मध्ये जाऊन उभा राहिलो.

"साहेब, बॉयलर माझा आहे. त्यात काय घालायचं, किती घालायचं, ते मी ठरवलं. बोलायचं ते मला बोला."

"पण टार्गेट मॅडमचं—"

"टार्गेट मॅडमचं. आग माझी. कोळसा घालून वाफ देतो, घाण वाचतो. तेवढं करू द्या."

रहीमभाई आणि मी घामानं निथळत जाळी साफ केली, कोळसा घातला, वाफ दिली. माल वाचला. सुनंदा जागची हलली नव्हती. सगळे गेल्यावर म्हणाली, "मला बोलू द्यायचं होतं त्यांना."

"माझ्या बॉयलरवर? न्हाई."

"तुमाला राग कुणाचा आला? त्यांचा का माझा?"

मी फडक्यानं हात पुसत राहिलो. उत्तर खरं द्यायचं तर दोघांचाही.

मग पुढचे काही आठवडे आम्ही पुन्हा पुन्हा तेच केलं. तिनं चोथ्याची राख प्रयोगशाळेतून तपासून आणली. हळदीच्या चोथ्यात क्षार भरपूर, त्यानं राख लवकर वितळते. मी चोथा काढून टाकला, विटा कोरड्या ठेवायला शेड मागितलं, वरून वारा वाढवला, जाळीच्या सळ्या बदलल्या, राख काढायची पाळी लवकर लवकर लावली. कधी जमलं असं वाटायचं आणि पुन्हा खंगर धरायचं. तिकडं ती उत्तमसारख्या शेतकऱ्यांशी बोलून पऱ्हाटी रानात न पेटवता विटांच्या कारखान्याला देण्याची व्यवस्था लावत होती. कुरुंद्यात तिनं माझ्याकडं काय बघितलं होतं, ते मला आता कळलं.

रोज जेवणाच्या सुट्टीत ती बॉयलर हाऊसमध्ये यायची. एके दिवशी मी वरच्या मजल्यावर पाण्याची नळी तपासत होतो. खाली रहीमभाई तिला म्हणत होते, "मॅडम, अब सुनो. आवाज साफ आ रहा. अब ये चलेगा."

हे वाक्य रहीमभाईंनी आयुष्यभर मला सांगितलेलं होतं. फक्त मला. त्या दिवशी बॉयलर चालला, पूर्ण पाळी चालला, पूर्ण आठवडा चालला. आणि मला आठवतं ते एवढंच, की ही बातमी माझ्या आधी तिला कळली.

अर्ज गेला. तपासणाऱ्यांनी प्रश्न विचारले, पायाच्या सालाबद्दल तर खोदून खोदून विचारले. तिनं उत्तरं दिली. नंतर मंजुरी आली. कंपनीत पेढे वाटले, गिऱ्हाईक कंपनीच्या बाईंनी पडद्यावरून सुनंदाचं अभिनंदन केलं आणि करार टिकला. आमच्या भागातल्या दीडशेक घरांची चूल या कंपनीवर आहे, हे मी विसरून गेलो होतो असं नाही. पेढा मीही खाल्ला.

लक्ष्य मंजूर झालेल्या कंपन्यांचा पुण्यात सत्कार होता, त्या कार्यक्रमाला ती एकटी गेली. त्याच आठवड्यात बॉयलरची वार्षिक तपासणी होती, मला हलता येत नव्हतं. तिनं दोनदा विचारलं, मी दोनदा इन्स्पेक्टरचं कारण सांगितलं. कारण खरं होतं. पण तारीख पुढं ढकलून मागता आली असती, आणि मी मागितली नाही. एवढी एक गोष्ट मनाला लागून आहे. तिनं तिथं काय नेसलं होतं, कशी बोलली, हे मी लोकांच्या फोनमध्ये बघितलं.

स्थानिक पेपरात फोटो आला. चिमणीसमोर सुनंदा. उत्तमनं तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "वहिनी दिसली. तू कुठं?"

मी उत्तर दिलं, "मागं चिमणी दिसते का? तिच्यातून काळा धूर निघत न्हाई. तो मी."

त्यानं हसणारी तोंडं पाठवली. मी विनोद केला नव्हता.

नंतर मी निवृत्त झालो. सुनंदा माझ्याहून लहान, तिची नोकरी अजून आहे. निरोपाला मालक चांगलं बोलले. सकाळी ती निघाली की मी घरात. फोनवर ती नव्या बॉयलरवाल्याशी बोलते तेव्हा मी आतल्या खोलीतून ऐकतो. त्यानं राख काढायला उशीर केला की मला इथं बसून कळतं. एकदा न राहवून मी ओरडलो, "वारा आधी कमी कर म्हणावं त्याला!" तिनं फोनवर हात ठेवला. "त्यानं केला," म्हणाली. मला त्या पोरावर जळायलाही निमित्त उरलं नाही.

असली लक्ष्यं एकदा ठरवून सुटत नाहीत. काही वर्षांनी पुन्हा तपासावी लागतात, पुढचा टप्पा ठरवावा लागतो. यंदा ते आलं. द्रावक उडवायला वाफेऐवजी दुसरं काही वापरता येतं का, निदान पाणी आधी सूर्याच्या उष्णतेवर तापवता येतं का, यावर विचार सुरू झाला. मालकांचा मला फोन आला. "खिल्लारे, घरी बसून काय करताय? या. सल्लागार म्हणून या."

"कुणाच्या हाताखाली?" मी विचारलं.

"तुमाला माहीत आहे कुणाच्या."

मी सांगतो म्हणालो. संध्याकाळी सुनंदानं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून, शर्ट घालून व्हरांड्यात उभा होतो. ती डबा भरून बाहेर आली. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या शर्टाकडं बघितलं आणि आत जाऊन दुसरा डबा घेऊन आली.

खाली तिनं स्कूटी काढली. मोटरसायकल मी विकून टाकली आहे.

"मी चालवू का?" मी म्हणालो.

"बसा मागं. मला उशीर होऊन राहिला."

मी मागं बसलो. दोन्ही डबे माझ्या मांडीवर. ती गाडी चांगली चालवते, खड्डे चुकवते. कंपनीच्या गेटावर वॉचमन नवा होता, मला ओळखत नव्हता. त्यानं खुर्चीवरून उठून सलाम केला.

सलाम एकच होता. तिनं मान हलवली. मीही हलवली.